रिकाम्या इमारतींची वीज : विद्यापीठ आवारातील ऊर्जावापराचे काही अनुभव

विद्यापीठाचे आवार वीजवापराच्या दृष्टीने एखाद्या मध्यम आकाराच्या गावासारखे असते. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहे, भोजनगृहे, पाण्याच्या टाक्या, रस्त्यावरचे दिवे आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने हे सारे तेथे एकाच कुंपणाच्या आत नांदते. गावात मात्र प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर असतो आणि त्या मीटरमागे बिलाची झळ सोसणारा एक माणूस असतो. विद्यापीठात बहुतेक वेळा संपूर्ण आवारासाठी उच्चदाब वाहिनीवर एकच मीटर बसवलेला असतो, त्याचे बिल वित्त विभाग भरतो, दिवे-पंखे विद्यार्थी आणि प्राध्यापक वापरतात, उपकरणांची खरेदी भांडार विभाग करतो आणि त्यांची देखभाल विद्युत विभागाकडे असते. ऊर्जा लेखापरीक्षण म्हणजे वीज कोठून येते, कोठे जाते आणि तिच्यातली किती खरोखर उपयोगी पडते याचा मोजून केलेला हिशेब. असे लेखापरीक्षण करणाऱ्याला आवारागणिक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते, ती अशी की, जुनी उपकरणे हे वीज वाया जाण्याचे एक कारण असले तरी त्याहून मोठे कारण म्हणजे अमुक युनिट कोणासाठी पडले, या प्रश्नाचे उत्तर आवारात कोणालाच देता येत नाही.

या कामाला कायद्याचे आणि धोरणाचे पाठबळ नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, ऊर्जा दक्षता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाला, व्यापारी आणि संस्थात्मक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या म्हणजे नॅकच्या निकषांतही पर्यायी ऊर्जा आणि वीजबचतीच्या उपायांची नोंद घेतली जाते. असे असूनही मूल्यांकन जवळ आले की दोन दिवसांत दिव्यांची आणि पंख्यांची मोजदाद करून अहवाल बांधण्याचा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो. किती दिवे आहेत हे अशा मोजदादीतून कळते. ते किती तास जळतात हे मात्र कळत नाही, आणि वीजवापराचा सगळा अर्थ त्या तासांत दडलेला असतो.

कामाची पहिली पायरी म्हणजे मागील दोन-तीन वर्षांची वीजबिले एकत्र करून वाचणे. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात केवळ युनिटांची किंमत नसते. आवाराने एका वेळी जास्तीत जास्त किती भार खेचला याला कमाल मागणी म्हणतात. ती केव्हीए या एककात मोजली जाते आणि तिच्यावर वेगळा आकार लागतो. वीज कंपनीशी जेवढ्या मागणीचा करार झालेला असतो तिला करार मागणी म्हणतात, आणि प्रत्यक्ष वापर तिच्या बराच खाली राहिला तरी मागणी आकार ठरावीक मर्यादेखाली उतरत नाही. त्यामुळे एखादा विभाग होईल या आशेने वाढवून घेतलेली करार मागणी विद्यापीठाला वर्षानुवर्षे भुर्दंड पाडत राहते. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रातील उच्चदाब ग्राहकांची ऊर्जा आकारणी किलोवॉट-तासाऐवजी केव्हीए-तासात होऊ लागली, आणि त्यामुळे पॉवर फॅक्टरला नवे महत्त्व आले. मोटार किंवा जुना चोक आपले चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी वाहिनीतून जादा प्रवाह खेचतो, जो प्रत्यक्ष कामात खर्च होत नाही. उपयोगी शक्तीचे एकूण खेचलेल्या शक्तीशी असलेले प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. तो ०.९ असेल तर ९० युनिटांच्या प्रत्यक्ष कामासाठी १०० युनिटांचे बिल येते. योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसवून हा प्रमाणाचा दोष दूर करता येतो आणि बिल लगेच उतरते. हा लाभ खरा असला तरी इमारतीतले पंखे आणि दिवे पूर्वीइतकीच वीज खात राहतात. बिल कमी करणे आणि वापर कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे सुरुवातीलाच स्पष्ट झाले नाही तर पहिल्या यशावर समाधान मानून दुसरे काम मागे पडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार वर्षात किमान १८० दिवस अध्यापन अपेक्षित आहे. दिवसाला आठ तास धरले तरी ते १,४४० तास होतात, आणि वर्षाचे एकूण तास ८,७६० असतात. म्हणजे अध्यापनासाठी बांधलेली इमारत वर्षाच्या एका षष्ठांशाहूनही कमी काळ आपल्या मुख्य कामासाठी वापरली जाते. कार्यालयीन वेळ आणि परीक्षांचे दिवस मिळवले तरी उरलेला बहुतेक काळ ती रिकामीच असते. लेखापरीक्षण मात्र परंपरेने सकाळी अकरा ते पाच या वेळेत होते. ज्या वेळी इमारत सर्वाधिक उपयोगात असते त्याच वेळी तिची तपासणी करायची आणि उरलेल्या पाच षष्ठांश काळात तेथे काय चालते याचा केवळ अंदाज बांधायचा, ही पद्धत या हिशेबापुढे टिकत नाही. म्हणून या कामात रात्री दोनच्या सुमाराची फेरी अत्यावश्यक ठरते. त्या वेळी मुख्य मीटरवर जो भार दिसतो त्याला मूळ भार म्हणता येईल, कारण तो माणसे असोत वा नसोत, चालूच राहतो.

मूळ भाराचे महत्त्व साध्या गुणाकाराने पटते. एक वॉटचे उपकरण वर्षभर अखंड चालले तर ८.७६ युनिटे पडतात. समजा रात्री दोन वाजता आवाराचा भार ४० किलोवॉट आहे, तर एवढा भार वर्षभर पायाशी धरून राहिल्यामुळे साडेतीन लाख युनिटे खर्ची पडतात. यातला काही भाग न्याय्यच असतो. रोहित्र, म्हणजे उच्च दाबाची वीज वापरायोग्य दाबावर आणणारा ट्रान्सफॉर्मर, भार नसतानाही आपल्या लोखंडी गाभ्यात थोडी वीज खर्च करतो. रस्त्यावरचे दिवे, सुरक्षा कॅमेरे, सर्व्हर, नमुने जपणारे शीतकपाट यांनाही रात्र नसते. न्याय्य भाग वजा केल्यावर उरणारा भार शोधणे हेच रात्रीच्या फेरीचे काम असते.

एका विज्ञान विभागातील अशी फेरी येथे जवळून पाहण्यासारखी आहे. विद्युत विभागाचा वायरमन, पहारेकरी आणि लेखापरीक्षक असे तिघे बॅटरीच्या उजेडात मजल्यामागून मजला फिरत होते. प्रत्येक मजल्याच्या वितरण पेटीत वायरमन टाँग टेस्टर लावून प्रवाह सांगे. टाँग टेस्टर म्हणजे जबड्यासारखे उघडणारे, तार न तोडता तिच्याभोवती अडकवून प्रवाह मोजणारे साधन. दुसऱ्या मजल्यावरचा प्रवाह अपेक्षेहून बराच जास्त होता. मार्गिकेच्या टोकाला पाणी थंड करणारा कूलर घरघरत होता आणि सकाळपर्यंत कोणी पिणार नाही असे पाणी पुन्हा पुन्हा थंड करत होता. संगणक कक्षात माणूस नव्हता, पण वातानुकूलन यंत्र १८ अंशांवर लावलेले होते. प्रसाधनगृहातील हवा बाहेर फेकणारा पंखा चालू होता. प्रयोगशाळेत नमुने वाळवण्याची भट्टी, जिला तेथील सर्वजण ओव्हन म्हणत, १०५ अंशांवर तापलेली होती. तिच्यात कोणाचा नमुना आहे की ती दिवसाच्या कामानंतर तशीच राहून गेली, हे तिघांपैकी कोणालाच सांगता येईना. पहारेकऱ्याने सांगितले की ती बहुतेक रात्री चालूच असते, आणि बंद केली अन् कोणाचे संशोधन वाया गेले तर जबाबदारी कोणाची, म्हणून तो तिला हात लावत नाही.

पहारेकऱ्याच्या या सांगण्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ होते. वर्षानुवर्षे चालू राहणाऱ्या यंत्रामागे बेफिकिरीपेक्षा भीतीच अधिक असते. ज्याला ते यंत्र चालू दिसते त्याला ते बंद करण्याचा अधिकार नसतो आणि ज्याला अधिकार असतो तो रात्री तेथे नसतो. त्या विभागाच्या बैठकीत ठरलेला उपाय अगदी साधा होता. रात्री चालू ठेवायच्या प्रत्येक उपकरणावर एक चिठ्ठी लावायची, तीवर संशोधकाचे नाव, काम आणि केव्हापर्यंत चालू ठेवायचे ती तारीख लिहायची, आणि चिठ्ठी नसलेले उपकरण बंद करण्याचा लेखी अधिकार पहारेकऱ्याला द्यायचा. कूलरला व पंख्याला टायमर बसवणे ही त्यापुढची बाब होती, आणि तिला फारसा खर्च आला नाही.

उपकरणे बदलण्याचा विचार यानंतर येतो, आणि तेथेही तासांचाच हिशेब मार्गदर्शक ठरतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट खातो, तर बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या मोटारीचा पंखा, सुमारे ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. हा पंखा १,४४० तास चालणाऱ्या वर्गात बसवला तर वर्षाला सुमारे ६५ युनिटे वाचतात, आणि वर्षाला ३,००० तास चालणाऱ्या वसतिगृहाच्या खोलीत बसवला तर १३५ युनिटे वाचतात. खर्च तोच, लाभ मात्र दुप्पट. रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत जळणारा मार्गिकेतला दिवा वर्षात ४,३८० तास जळतो. त्यामुळे चोकची जुनी नळी काढून एलईडी लावायची तर ती आधी मार्गिकेत, जिन्यात आणि रस्त्यावर लावावी, मग चोवीस तास उघड्या असणाऱ्या अभ्यासिकेत आणि त्यानंतर वर्गात. प्रत्यक्षात मात्र नवे दिवे बहुधा सर्वांत आधी सभागृहात आणि प्रशासकीय इमारतीत लागतात, कारण पाहुणे तेथे येतात.

वर्गातील वीज वाया जाण्यामागे कित्येकदा तारांची जोडणी असते. दिव्यांच्या रांगा खिडकीकडून भिंतीकडे एका बटनावर जोडलेल्या असतील तर आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यासाठी बटन दाबताच खिडकीजवळचा दिवाही भर दुपारी जळतो. याच रांगा खिडकीला समांतर जोडल्या की प्रकाश असेल तेथील रांग बंद ठेवता येते. अठरा बटनांच्या फळीवर कोणते बटन कशाचे हे लिहिलेले नसले की माणूस सगळीच बटने दाबतो आणि जाताना एखाद-दुसरे चालू राहते. एका आवारात वायरमनने रंगाने बटनांवर क्रमांक घालून तेच क्रमांक पंख्यांच्या पात्यांवर आणि दिव्यांच्या पट्ट्यांवर घातले, तेव्हा कोणत्याही सूचनाफलकाविना वर्ग सोडताना बटने नेमकी बंद होऊ लागली. याउलट एका ठिकाणी उत्साहाने बसवलेले हालचाल ओळखणारे संवेदक अयशस्वी ठरले. लेखी परीक्षेत विद्यार्थी स्थिर बसून लिहीत असताना संवेदकांना वर्ग रिकामा वाटला आणि दिवे मालवले, आणि त्यानंतर ते सारे संवेदक कायमचे निकामी करण्यात आले. मार्गिका आणि प्रसाधनगृह येथे उपयोगी पडणारे साधन परीक्षेच्या वर्गात चालत नाही, हे बसवण्यापूर्वी शिक्षकांना विचारले असते तर कळले असते. अशा चुकीची किंमत केवळ उपकरणापुरती नसते, कारण पुढच्या चांगल्या सूचनेवरचाही लोकांचा विश्वास तिने उडतो.

उष्णतेचा विचार केल्याशिवाय महाराष्ट्रातील इमारतीच्या वीजवापराचा विचार पुरा होत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे या प्रदेशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो. पुण्या-मुंबईकडे शून्य सावलीचा पहिला दिवस मे महिन्याच्या मध्यास येतो. अशा वेळी इमारतीत शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा गच्चीतून येतो आणि वरच्या मजल्यावरचे वर्ग दुपारी तापतात. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप असेल तर हा ताप लक्षणीय उतरतो. मात्र धूळ बसली की परावर्तन घटते, म्हणून उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुण्याचे काम देखभालीच्या वेळापत्रकात असावे लागते. गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत १८६४ ते १८७१ या काळात गव्हर्नरांच्या निवासासाठी बांधली गेली. तिच्या जाड दगडी भिंती, उंच छते आणि सावली देणारे व्हरांडे ही विजेच्या पंख्यापूर्वीच्या काळातील हवामानाची उत्तरे आहेत. पश्चिमेकडे काचेची अखंड भिंत आणि न उघडणाऱ्या खिडक्या असलेली इमारत बांधली की आधी उष्णता आत घ्यावी लागते आणि मग ती बाहेर काढण्यासाठी वीज मोजावी लागते. एकदा उभी राहिलेली चूक इमारतीच्या आयुष्यभर बिलात येत राहते, म्हणून नव्या इमारतीचा नकाशा मंजूर होताना विद्युत अभियंत्याचे मत घेतले जाणे फार महत्त्वाचे असते.

इमारतींची तुलना करण्यासाठी ऊर्जा कामगिरी निर्देशांक वापरला जातो; वर्षभरात पडलेल्या युनिटांना इमारतीच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने भागले की तो मिळतो. हा निर्देशांक उपयोगी असला तरी तो वाचताना सावध राहावे लागते. भाषा विभागाचा निर्देशांक कमी आढळला तर ती इमारत कार्यक्षम असेलच असे नाही. तेथील निम्मे पंखे नादुरुस्त असणे आणि विद्यार्थी घामाघूम होऊन बसत असणे हेही त्याचे कारण असू शकते. ऊर्जाबचत म्हणजे विद्यार्थ्याच्या डोक्यावरचा पंखा काढून घेणे नव्हे, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेले भारतीय अनुकूलित सुखमानाचे प्रारूप असे सांगते की, माणसाला सुखावह वाटणारे तापमान बाहेरच्या हवामानाबरोबर बदलते आणि मोकळी हवा खेळणाऱ्या इमारतीत भारतीय माणूस बंद कार्यालयापेक्षा अधिक तापमान सहज स्वीकारतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे मुळात २४ अंशांवर लावलेली असणे बंधनकारक झाले. या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या की धोरण स्पष्ट होते: फिरता पंखा आणि २४ ते २६ अंशांचे वातानुकूलन यांची जोड कार्यालयात द्यावी आणि तेथे वाचलेल्या पैशातून वर्गांतले व वसतिगृहांतले पंखे आधी धड करावेत.

वसतिगृहात विजेचा मोठा खर्च आंघोळीच्या पाण्यावर होतो. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४ युनिटे लागतात, आणि हेच काम गच्चीवरचा सोलर बंब उन्हावर करतो. तरीही सोलर बंब असलेल्या वसतिगृहांत विद्युत गीझर चालू आढळतात. त्याचे कारण शोधले तर असे दिसते की नळ सोडल्यावर नळ्यांत साठलेले गार पाणी संपेपर्यंत बादली भरते आणि विद्यार्थी बंब बिघडला असे समजतात. नळ्यांना उष्णतारोधक आवरण घातल्याने आणि बंबाची देखभाल नेमून दिल्याने ही तक्रार मिटते. विद्यार्थ्यांना माहिती दिली तर ते किती मनावर घेतात याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील ओबर्लिन कॉलेजमध्ये मिळते; तेथे २००५ मध्ये वसतिगृहांना त्यांचा वीजवापर दाखवून दोन आठवड्यांची स्पर्धा घेण्यात आली आणि त्या काळात विजेचा वापर ३२ टक्क्यांनी घटला.

खरेदीची पद्धत हा या कामातला सर्वांत चिवट अडथळा ठरतो. किमान दराच्या निविदेत यंत्राची किंमत मोजली जाते, पण ते दहा वर्षांत किती वीज खाईल हे मोजले जात नाही. प्रकल्पाच्या अनुदानातून घेतलेले उणे ८० अंशांचे शीतकपाट दिवसाला १५ ते २५ युनिटे खाते. अनुदान तीन वर्षांत संपते आणि बिल मात्र विद्यापीठ पुढेही भरत राहते. निविदेच्या तुलनेत आयुष्यभराचा वीजखर्च धरण्याची एक ओळ खरेदीच्या नियमांत आली तर कित्येक लेखापरीक्षणांनी साधणार नाही एवढे साधते.

सौरऊर्जेची आखणी या सर्वानंतर यावी. महाराष्ट्रात गच्चीवरचा एक किलोवॉटचा सौरसंच दिवसाला सरासरी ४ युनिटे देतो आणि त्यासाठी सुमारे १० चौरस मीटर मोकळी जागा लागते. आधी वापर घटवला तर तेवढ्याच गच्चीत आवाराचा अधिक मोठा वाटा भागतो. रात्रीचा मूळ भार तसाच ठेवून दिवसा वीज निर्माण केली तर रात्री पडणारे युनिट बहुतांशी कोळशावरच्या केंद्रातून येते. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटामागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रिकाम्या खोलीत चालणाऱ्या यंत्राची राख चंद्रपूर आणि कोराडीच्या परिसरातील माणसांच्या वाट्याला येते. विद्यापीठासारख्या विचार करणाऱ्या संस्थेने हा संबंध विसरणे योग्य नाही.

ही सारी कामे टिकतात ती नोंदींवर. प्रत्येक इमारतीला सबमीटर बसवला, रोज ठरलेल्या वेळी वायरमनने आकडा वहीत लिहिला आणि महिन्याअखेर तो विभागप्रमुखांपुढे ठेवला, तर बिलाला प्रथमच मालक मिळतो. चिठ्ठीची पद्धत सुरू केलेल्या त्या विज्ञान विभागात काही महिन्यांनी पुन्हा रात्रीची फेरी झाली. कूलर बंद होता, संगणक कक्ष शांत होता आणि मजल्याचा प्रवाह बराच खाली आला होता. ओव्हन मात्र त्याही रात्री १०५ अंशांवर चालू होता. त्याच्या दारावर निळ्या शाईतली एक चिठ्ठी होती. मातीचे नमुने वाळत आहेत, शनिवारी सकाळी नऊपर्यंत चालू ठेवावे, असे लिहून खाली एका संशोधक विद्यार्थिनीचे नाव होते. पहारेकऱ्याने बॅटरीच्या उजेडात ती वाचली, आपल्या वहीत वेळ टाकली आणि तो पुढच्या मजल्याकडे निघाला.